एक पेला, दोन टोपल्या आणि जमिनीचा खंड

हाँगकाँगमधील शाम शुई पो ही कष्टकऱ्यांची दाट वस्ती. रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसतात, तोच तेथील जुन्या चहागृहाचे लोखंडी दार वर सरकते आणि बाहेर ताटकळलेली मंडळी आत शिरतात. रात्रपाळी संपवून आलेला पहारेकरी, भाजीबाजारातला हमाल, कार्यालये झाडून-पुसून परतणारी बाई, गिरणी बंद पडून कैक वर्षे लोटलेला म्हातारा कामगार. ओळख असो वा नसो, जागा मिळेल त्या टेबलाला सारे भिडून बसतात. चहाची किटली येते. पहिला चहा पिण्यासाठी नसतो. त्याने पेले आणि जेवणाच्या काड्या विसळावयाच्या. शेजाऱ्याने आपल्या पेल्यात चहा ओतला, तर चालू बोलणे न तोडता बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करावयाची, हेच आभार. किटलीचे झाकण कलते ठेवले की पाणी संपले, हे वाढप्याने ओळखावयाचे. मग बांबूच्या टोपल्या येतात, एकीवर एक रचलेल्या, वाफा सोडणाऱ्या.

या खाण्याला कँटनी बोलीत ‘यम चा’, म्हणजे चहा पिणे, असे म्हणतात आणि टोपलीतल्या पदार्थांना ‘डिम सम’. ‘एक पेला, दोन नग’ हे तेथील साध्या माणसाच्या न्याहारीचे जुने मोजमाप आहे. तेवढ्यावर त्याने तासभर वर्तमानपत्र वाचावे, घोड्यांच्या शर्यतींवर वाद घालावा, सरकारला शिव्या द्याव्यात आणि कामावर जावे.

ही न्याहारी गेल्या काही वर्षांत कष्टकऱ्याच्या हातातून निसटत चालली आहे. ती का निसटते आहे, याविषयी जी मखलाशी सर्वत्र चालते, तिचा समाचार घेणे अगत्याचे आहे. मुक्त बाजाराचे भाट सांगतात, स्वस्त डिम सम ही स्पर्धेची देणगी होती आणि आता ते महागले असेल तर तो मजुरीवाढीचा दोष. खवय्ये म्हणतात, जुनी चव गेली, वारसा बुडाला. आणि समाजवादी चळवळीतील काही गंभीर साथी म्हणतात, भुकेचे आणि बेकारीचे प्रश्न पेटलेले असताना वाफवलेल्या करंज्यांची चर्चा कशाला? या तिघांचेही म्हणणे चूक आहे. त्यातही तिसऱ्याची चूक अधिक घातक, कारण ती आपल्याच बाजूच्या माणसाची चूक आहे.

गरिबांनी निर्माण केलेली संस्था

डिम समचा उगम कोणा सम्राटाच्या मुदपाकखान्यात शोधण्याची हौस पुष्कळांना असते. कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, एकोणिसाव्या शतकात ज्या साध्या चहाच्या जागा होत्या, त्यांचे नावच मुळी ‘दोन लीची घरे’ असे होते. ली हे अगदी क्षुद्र नाणेमूल्य. दोन लीला चहा मिळे, म्हणून ते नाव. लाकडी बाकडी, ओबडधोबड टेबले, मोठ्या किटल्या आणि पोटाला आधार देणारे दोन-चार पदार्थ. गिऱ्हाईक म्हणजे हमाल, नावाडी, कारागीर. पुढे श्रीमंतांसाठी मजले चढवलेली, कोरीव लाकडाची चहागृहे झाली. ग्वांगझूचे ताओ ताओ जू १८८० सालचे आहे. पण कामापूर्वी चार घटका बसण्याची जी रीत आहे, तिला व्यापक पाया मिळाला तो या दोन लीच्या घरांत.

मुंबईला या कहाणीत अगदीच परके समजण्याचे कारण नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जाई आणि त्या व्यापारातून मुंबईतल्या शेठसावकारांच्या पेढ्या धष्टपुष्ट झाल्या. ज्या धक्क्यावर ती अफू उतरली, त्या धक्क्यावरचा हमाल दोन लीच्या घरात चहा पीत होता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता टोपलीत काय असते ते पाहावे. ‘हार गाऊ’ ही कोळंबीची वाफवलेली करंजी. तिच्या पारीसाठी गव्हाच्या सत्त्वावर उकळते पाणी ओतून ते मळतात. मोदकासाठी उकड काढणाऱ्या कोकणातल्या बाईला ही क्रिया शिकवावी लागणार नाही. तशाच नाजूक चुण्या, तशीच पारी पातळ ठेवण्याची कसोटी. ‘चेउंग फन’ म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाचा वाफेवर धरलेला पापुद्रा, गुंडाळून कापलेला. ‘फुंग जाऊ’ म्हणजे कोंबडीचे पाय. सधन घरात जे फेकून दिले जाईल, ते तळायचे, भिजवायचे, काळ्या सोयाबीनच्या मसाल्यात घालून मऊ होईतो वाफवायचे. माल स्वस्त, श्रम अपार. ही सारी पाककला म्हणजे स्वस्त मालात कौशल्याचे श्रम ओतून त्याचे मोल वाढवण्याची कला आहे. त्या श्रमाची सुरुवात, शहर झोपलेले असताना, रात्री दोन-तीन वाजता होते. खवय्या ज्याला ‘चव’ म्हणतो, ती कोणाच्या तरी जागरणाची मिळकत असते.

घराबाहेरची खोली

हाँगकाँगमध्ये आजही दोन लाखांहून अधिक माणसे तुकडे पाडलेल्या खोल्यांत राहतात. एका जुन्या घराचे फळ्या ठोकून पाच-सहा कप्पे करावयाचे आणि प्रत्येक कप्पा एकेका कुटुंबाला भाड्याने द्यावयाचा, असा हा धंदा आहे. तेथे माणशी सुमारे सहा चौरस मीटर जागा मिळते. अशा घरात पाहुणा बसवता येत नाही, म्हाताऱ्याला पाय पसरता येत नाहीत, नातवंडाशी चार शब्द बोलता येत नाहीत. त्या घरातली जी खोली शहराने हिरावून घेतली आहे, ती कोपऱ्यावरच्या चहागृहात असते. रविवारी आजी-आजोबा, मुले, सुना, नातवंडे एका गोल टेबलाभोवती जमतात, ते तेथे. लग्नाची बोलणी, भांडणाचा निवाडा, कामाची खबर, कर्जाची विनवणी, सारे तेथे. दोन टोपल्यांच्या किमतीत माणूस अन्न विकत घेतो आणि त्याबरोबर बसण्याचा हक्कही घेतो.

म्हणून या विषयाला क्षुल्लक समजणाऱ्या साथींना विचारावेसे वाटते की, गिरणगावातली खाणावळ क्षुल्लक होती काय? घरापासून दूर, पाळीपाळीने एका खोलीत झोपणाऱ्या कामगाराला खाणावळवाल्या बाईने जेवू घातले नसते, तर मुंबईत गिरण्या चालल्या असत्या काय आणि संप तरी झाले असते काय? १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच बायकांच्या श्रमाला सावकाराच्या जाचातून सोडवण्यासाठी. अन्न शिजवून विकणारी बाई हा चळवळीचा विषय आहे, हे तेव्हा महाराष्ट्राला समजले होते. ते आज विसरले जावे, हे दुर्दैव आहे.

फ्रीडमनसाहेबांचे आवडते शहर

१९८० साली मिल्टन फ्रीडमन यांनी आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत आणि ग्रंथात हाँगकाँगचा आदर्श जगापुढे ठेवला. सरकारने हात आखडता घेतला की बाजार कसा बहरतो, याचे हे त्यांचे लाडके उदाहरण. तेव्हापासून त्या शहरातील प्रत्येक स्वस्त वस्तूचे श्रेय बाजाराला देण्याची पोपटपंची सुरू आहे.

वस्तुस्थिती काय आहे? एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची जागा सोडली, तर हाँगकाँगमधील सगळी जमीन सरकारी मालकीची आहे. ती केवळ पट्ट्याने दिली जाते. जमीन थोडी थोडी बाहेर काढावयाची, लिलावात चढ्या भावाने पट्टे द्यावयाचे आणि त्या उत्पन्नाच्या बळावर धनिकांवरचे कर हलके ठेवावयाचे, ही तेथील राजनीती. याला मुक्त बाजार म्हणणे म्हणजे मक्तेदाराला संन्यासी म्हणण्यासारखे आहे.

दुसरे असे की, त्या शहरातील सामान्य माणसाला जे स्थैर्य लाभले, ते बाजाराने दिलेले नाही. १९५३ च्या नाताळात शेक किप मेईच्या झोपडवस्तीला आग लागून पन्नास हजारांहून अधिक माणसे उघड्यावर आली, तेव्हा नाइलाजाने का होईना, सरकारने घरे बांधावयास घेतली. १९७२ मध्ये गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी दहा वर्षांत अठरा लाख लोकांसाठी घरे बांधण्याची योजना जाहीर केली. या वसाहती नुसत्या इमारती नव्हत्या. प्रत्येक मोठ्या वसाहतीत बाजार होता, किरकोळ दुकाने होती आणि चहागृह होते. जागा सार्वजनिक गृहमंडळाची होती, म्हणून म्हाताऱ्याची एक किटली आणि दोन टोपल्या परवडत होत्या. सार्वजनिक जमिनीची, सार्वजनिक घराची आणि कुशल कामगाराच्या रात्रपाळीची ती कमाई होती. स्पर्धेने फार तर तीवर आपले नाव कोरले.

मग सरकारने काय केले? २००४ साली गृहमंडळाची सुमारे १८० व्यापारी संकुले आणि वाहनतळ एका गुंतवणूक न्यासाच्या हवाली करून त्याचे भाग शेअरबाजारात विकावयाचे ठरले. सार्वजनिक घरात राहणाऱ्या एका वृद्ध भाडेकरू स्त्रीने या विक्रीला न्यायालयात आव्हान दिले. तेवढ्याने विक्री काही महिने थांबली. शहाण्यासुरत्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर काहूर उठवले. हजारो गुंतवणूकदारांचा नफा एका अडाणी म्हातारीने अडवला म्हणे! जुलै २००५ मध्ये अंतिम न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला आणि नोव्हेंबरमध्ये ‘लिंक’ न्यासाचे भाग बाजारात आले. लंडनच्या एका गुंतवणूक निधीने लगेच त्यात मोठा हिस्सा घेतला. त्यानंतर भाडेवाढीविरुद्ध आणि जुन्या दुकानांच्या जागी येणाऱ्या साखळी दुकानांविरुद्ध वसाहतींतील रहिवासी वर्षानुवर्षे गाऱ्हाणी मांडत आले आहेत. ती म्हातारी कायद्यात हरली. अर्थशास्त्रात मात्र तिचेच म्हणणे खरे ठरले.

मजुरी नव्हे, खंड

येथे पदवीधर अर्थपंडित रिकार्डोला साक्षीला बोलावतात. रिकार्डोने १८१७ मध्ये असे मांडले की, खंड हा किमतीचा परिणाम असतो, कारण नव्हे. तेव्हा भाड्यामुळे न्याहारी महागली, हे म्हणणे अडाणीपणाचे होय, असा त्यांचा निवाडा. पण रिकार्डोपुढे प्रश्न होता एकाच पिकाचा, धान्याचा. एकाच जागेवर दोन वेगळे उपयोग हक्क सांगू लागले, म्हणजे एका उपयोगातून मिळू शकणारा खंड हा दुसऱ्या उपयोगाच्या खर्चात शिरतो, हे मिल आणि जेव्हन्स यांनी पुढे दाखवून दिले. पंडितांनी पुस्तक अर्धेच वाचले आहे.

हाँगकाँगच्या बाबतीत तो दुसरा उपयोग कोणता, हेही स्पष्ट आहे. जुलै २००३ पासून चीनमधील प्रवाशांना व्यक्तिशः हाँगकाँगला येण्याची मुभा मिळाली. सोन्याचे दागिने, घड्याळे, प्रसाधने, औषधे यांची दुकाने मोक्याच्या रस्त्यांवर पसरली. अशा दुकानात गिऱ्हाईक दहा मिनिटांत हजारोंची खरेदी करून निघते. चहागृहात म्हातारा दोन टोपल्यांवर दीड तास बसतो. दोघेही एकाच चौरस फुटासाठी भाडे भरणार असतील, तर म्हाताऱ्याने उठले पाहिजे. मालकाने त्याला हाकलण्याची गरज नाही. खंडच त्याला हाकलतो. आणि जेथे हाकलत नाही, तेथे घड्याळ लावतो. नव्या झगझगीत उपाहारगृहांत दीड तासाने टेबल रिकामे करण्याची अट असते, ती उगीच नाही.

टिम हो वान या दुकानाची गोष्ट या दृष्टीने बोधप्रद आहे. आलिशान हॉटेलातील नोकरी सोडलेल्या एका कसबी आचाऱ्याने २००९ मध्ये मोंग कोकच्या गल्लीत वीसएक आसनांचे दुकान काढले. उत्तम डिम सम सामान्य माणसाच्या भावात. लगेच मिशेलिन मार्गदर्शिकेने त्याला तारा बहाल केला आणि जगातले सर्वांत स्वस्त तारांकित उपाहारगृह म्हणून त्याचा डंका पिटला गेला. पुढे काय झाले? भाडेवाढीपायी मूळ जागा सोडावी लागली. नाव मात्र देशोदेशी गेले, गुंतवणूकदार आले आणि अखेरीस तो सारा पसारा फिलिपिन्समधील जॉलीबी या बड्या उपाहार-कंपनीकडे गेला. आचाऱ्याच्या कसबात खोट नव्हती. पण त्याच्या कसबामुळे गल्लीला जी किंमत आली, ती घरमालकाने खाल्ली आणि त्याच्या नावाला जी किंमत आली, ती भांडवलाने. वारशाच्या नावाने गळा काढणाऱ्या खवय्यांना हे दिसत नाही. त्यांना टोपली जतन करावयाची असते. टोपलीपुढे कोण बसतो, याची त्यांना फिकीर नसते.

स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे, कारण तो खरा आहे. एका कामगाराची स्वस्त न्याहारी दुसऱ्या कामगाराच्या जिवावर उठलेली असते. रात्री दोनला उठून चुण्या घालणाऱ्याचे काय? तासन् तास भांडी घासणाऱ्या बाईचे काय? हाँगकाँगमध्ये २०११ च्या मे महिन्यापर्यंत किमान वेतनाचा कायदा लागू नव्हता. तो येऊ घातला, तेव्हा उपाहारगृह-मालकांच्या प्रतिनिधीने विधिमंडळात तासाला वीस डॉलर पुरेत, असे सुचवले होते. शेवटी दर ठरला अठ्ठावीस डॉलर. २०२५ च्या मे महिन्यात तो बेचाळीसच्या किंचित वर गेला. कामाच्या तासांवर तर तेथे अजूनही सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा नाही. मालकाला संघटनेशी सामुदायिक वाटाघाटी करणे भाग पाडणारा कायदा १९९७ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी रद्दही झाला. आणि २०२१ मध्ये तेथील स्वतंत्र कामगार संघटनांच्या महासंघाला स्वतःचे विसर्जन करावे लागले.

कामगारांच्या बाजूलाही काळे डाग आहेत. १९२० आणि १९३० च्या दशकांत ग्वांगझूच्या चहागृहांत स्त्रिया वाढपी म्हणून येऊ लागल्या, तेव्हा पुरुष कामगारांच्या संघटनांनीच त्यांना विरोध केला. कष्टकऱ्यांची जागा म्हणजे आपोआप न्यायाची जागा, असे समजण्याचा भाबडेपणा समाजवाद्यांनी करू नये.

पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढावयाचा? मालक म्हणतो, मजुरी वाढली तर दुकान बुडेल. पण भाडे वाढते, तेव्हा तो घरमालकापुढे हात जोडतो आणि त्याचा वचपा भांडी घासणाऱ्या बाईवर काढतो. कारण घरमालक बळकट आहे आणि बाई एकटी आहे. गिऱ्हाईक कामगार आणि वाढपी कामगार यांच्यात भांडण लावून देणारा तिसरा पक्ष टेबलापाशी बसलेला नसतो. तो वरच्या मजल्यावर भाडे मोजत असतो. खंड आटोक्यात आला, तर त्याच टोपलीच्या किमतीत मजुरीही वाढू शकते आणि न्याहारीही परवडू शकते. हे स्वप्नरंजन नव्हे, साधा हिशेब आहे. २०२३ मध्ये सीमा पूर्ववत खुली झाल्यापासून सुटीच्या दिवशी हाँगकाँगची माणसे आगगाडीने शेन्झेनला जाऊन तेथे डिम सम खातात. आपल्याच शहराचा पदार्थ सीमेपलीकडे जाऊन खाण्याची पाळी यावी, यापेक्षा खंडशाहीवर अधिक कडवट टीका कोणती असू शकेल?

मग करावे काय?

सरकारी मालकी हे एका वाक्यातले उत्तर नव्हे. चीनमध्ये १९५६ मध्ये खासगी व्यापार सरकारी भागीदारीत घेण्यात आला. ग्वांगझूची जुनी चहागृहेही त्यात आली. सांस्कृतिक क्रांतीत जुन्या पाट्या उतरल्या. गिऱ्हाइकाला आवाज नाही आणि कामगाराला संघटनेचे स्वातंत्र्य नाही, अशी सरकारी मालकी म्हणजे केवळ मालकाचा वेश पालटणे होय.

तरीही जमिनीच्या सार्वजनिक मालकीचे महत्त्व नाकारता येत नाही. सिंगापूरने १९७० च्या दशकात रस्त्यावरचे विक्रेते उठवले, ते त्यांना सरकारने बांधलेल्या खाद्यकेंद्रांत गाळे देऊन. तेथील राज्यकर्ते काही लोकशाहीचे पुतळे नव्हेत. पण त्या केंद्रांत कष्टकरी आजही जेवतो आणि २०२० मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीची नोंद घेतली. खुद्द हाँगकाँगमध्ये सरकारी बाजारांच्या इमारतीत शिजवलेल्या अन्नाचे गाळे अद्याप टिकून आहेत. आणि भारतात? १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामावरून काढलेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवून दाखवले. एका कपावर तासभर बसणाऱ्याला तेथे कोणी उठवत नाही. सार्वजनिक जागा आणि तीत कामगारांची सहकारी मालकी, ही जोडी अशक्य नाही.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा धडा दूरचा नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उठले. खाणावळीची बाई त्या नकाशात कोठेच नव्हती. १९९५ मध्ये आलेली झुणका-भाकर योजना आणि २०२० मधील शिवभोजन थाळी यांनी काही काळ, काही जणांचे पोट भरले, हे मान्य केले पाहिजे. पण रांगेत उभे राहून मिळालेली थाळी आणि आपल्या हक्काच्या बाकावर बसून घेतलेला घास, यांत फरक आहे. पहिल्यात माणूस लाभार्थी असतो, दुसऱ्यात नागरिक.

म्हणून जेथे जेथे नगरपालिकेची मंडई पाडून तेथे संकुल बांधण्याचा ठराव येईल, एस. टी. स्थानकाची जागा विकसकाला देण्याची भाषा होईल, गृहनिर्माण वसाहतीचे गाळे लिलावात निघतील, तेथे तेथे कार्यकर्त्यांनी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : पहाटे कामावर निघालेल्या माणसाने येथे कोठे बसावयाचे आणि काय भावात खावयाचे? सार्वजनिक गाळे विकावयाचे नाहीत. त्यांतील काही कामगारांच्या व स्त्रियांच्या सहकारी उपाहारगृहांसाठी राखावयाचे. भाडे विक्रीच्या प्रमाणात ठरवावयाचे आणि किमान वेतन न देणाऱ्याचा गाळा काढून घ्यावयाचा, एवढ्या मागण्या तरी प्रत्येक शाखेने ठरावरूपाने मांडाव्यात.

शाम शुई पोतला म्हातारा दोन टोपल्या संपवून उठतो, तेव्हा त्याने कोणाची कृपा घेतलेली नसते. आपल्या पैशाने, आपल्या माणसांत, घाईशिवाय तो जेवलेला असतो. हे एवढेसे सुख ज्या शहराला आपल्या कामगाराला देता येत नाही, त्या शहराच्या श्रीमंतीचे पोवाडे दुसऱ्यांनी गावेत. समाजवाद्यांचे काम त्या टेबलापाशी त्याची जागा राखण्याचे आहे.